विषाणूला दारात अडवणारे साडूभाऊ

आमच्या साडूभाऊंइतका दाराचा विचार करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. रसायनशास्त्राचे प्राध्यापक, मुक्काम शहरातला छावणी भाग. करोनाचा विषाणू पेशीत शिरतो कसा, आणि गोळीत मावेल असं कोणतं लहानसं रसायन त्याला उंबऱ्यावरच अडवेल, या शोधात त्यांची कित्येक वर्षं गेली आहेत. "मारामारी कशाला? दार उघडलंच नाही की पाहुणा आपसूक परत जातो," हे त्यांचं तत्त्वज्ञान. ते ऐकत मी त्यांच्याच दारात ताटकळत उभा असतो, ही गोष्ट वेगळी! लग्नाला गेले की नवरानवरी राहतात बाजूला, हे मांडवाच्या तोंडाशी उभं राहून कोण कसा आत घुसतोय ते बघत बसतात. एकदा वधूपित्यानं त्यांना स्वागताला नेमलेला माणूस समजून हाती गुलाबदाणी दिली. साडूभाऊंनी वरात मांडवात शिरेपर्यंत इमानेइतबारे गुलाबपाणी शिंपडलं.

दुसरी खोड म्हणजे चांगल्या बातमीवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. आल्याच्या चहानं घसा मोकळा झाला असं म्हणायची खोटी, "बिनआल्याचा पिऊन बघितला का?" असं विचारतात आणि लगेच करायलाही लावतात. ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एका ईदेला शेजारणीकडून शिकून खलिया, म्हणजे मटणाचा मसालेदार रस्सा, केला. सगळे बोटं चाटत असताना यांना प्रश्न पडला, की यातला नेमका कोणता मसाला काम करतोय? दुसऱ्या दिवशी ताईंनी रागानं बिनमसाल्याचा खलिया पुढ्यात आदळला. साडूभाऊंनी तो मन लावून खाल्ला आणि "आता तुलना करता येईल" म्हणाले. अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे खायचं काम नाही.

पण दुसऱ्या लाटेत हीच खोड घराच्या मुळावर आली. गंगापूरला ऊस लावणारे आमचे सासरे शहरातल्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होते, आणि नेमकं त्याच आठवड्यात साडूभाऊंचं एक रसायन लागू पडलं. प्रयोगशाळेत ते खरा विषाणू वापरत नसत. त्याचं कातडं पांघरलेला एक निरुपद्रवी सोंगाड्या वापरत. सोंगाड्या पेशीत शिरला की पेशी उजळते, नाही शिरला तर अंधार. या रसायनानं झाडून सगळीकडे अंधार केला होता. आयुष्यात एकदाच साडूभाऊ पुन्हा न तपासता आनंदले आणि घरी येऊन बोलून बसले.

सासूबाईंनी पदर पसरला. "जावईबापू, दवा तुमच्या घरची, अन् माझा माणूस तिथं धाप टाकायलाय. द्या की थोडी!"

"मामी, एक तपासणी राहिलीय."

"तुमची तपासणी होईस्तोवर ह्यांचं काय?"

साडूभाऊ मान खाली घालून बसले, पण हो म्हणाले नाहीत. ताईंनी बोलणं टाकलं. माझी बायको त्यांच्याकडे बघेना. रोज दवाखान्याच्या दारापर्यंत डबा पोचवायचं काम मात्र तेच करत राहिले.

मग एका सकाळी ते पेढे घेऊन आले. दुकानदारानं त्यांना विचारलं होतं, "क्या सर, पास हो गए क्या?" "नाही हो, सपशेल नापास!" असं सांगितल्यावर त्यानं कीव येऊन दोन पेढे जास्तीचे घातले होते. झालं असं, की मेलेल्या पेशीला निळी करणारा एक रंग असतो. तो घालून बघतात तर साऱ्या पेशी निळ्याशार! रसायनानं दार लावलंच नव्हतं, घरातल्या माणसांचाच जीव घेतला होता, म्हणून अंधार. "साफ फसलं, साडू!" ते म्हणाले आणि पेढा खाता खाता ढसाढसा रडले.

सासरे डॉक्टर-नर्सांच्या कष्टानं आणि ऑक्सिजनवर बरे होऊन घरी गेले. सासूबाई आता गावभर सांगतात, "आमच्या जावयानं दवा न देऊन वाचवलं."

परवा गंगापूरला अंगणात बाजेवर बसलो होतो. साडूभाऊ खालच्या आवाजात म्हणाले, "एक दिवस मी मामांच्या डब्यातल्या वरणात ओतलं होतं ते रसायन."

मी त्यांच्याकडे वळून बसलो.

"मामी रडल्या ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. डबा घेऊन दारात गेलो. सिस्टर रोज विचारायची, काय आहे यात? मी रोज सांगायचो, वरण-भाकरी. त्या दिवशी तोंडातून शब्दच निघेना. कारण यात काय आहे ते मलाच ठाऊक नव्हतं. डबा घेऊन तसाच परत फिरलो."

पलीकडे सासरे दावं तोडून पळालेल्या कालवडीला शिव्या घालत होते. एका दमात, मोठ्या आवाजात. साडूभाऊ तिकडे बघत राहिले.

"औषध अजून सापडलं नाही, साडू. माझ्या हयातीत सापडेल की नाही, कोण जाणे. पण मामा असे ओरडायला लागले ना, की लई बरं वाटतं."