श्वास सोडायचा वर्ग

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मला दम्याने गाठलं. यजमान यशवंतपूरजवळच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर. साठच्या दशकाच्या सुरुवातीचं बंगळूर म्हणजे सकाळी उशिरापर्यंत गारठा, आणि त्या गारठ्यात मी खिडकीचे गज धरून धापा टाकायची. सोलापूरहून सासूबाईंची पत्रं यायची: तिकडची हवा हिला मानवत नाही, इकडे कोरडी हवा आहे, पाठवून दे. पत्रं यजमानांच्या नावाने. हवा मला मानवायची होती, पण मला कोणी विचारत नव्हतं.

दिवाळीनंतर धाकटे दीर न्यायला येणार असं परस्पर ठरलं. "तब्येत सुधारेपर्यंतच," यजमान म्हणाले. म्हणजे किती दिवस, ते त्यांनाही सांगता येईना. पंचविसाव्या वर्षी आपला संसार सोडून सासरी आजारी सून म्हणून एका कोपऱ्यात पडून राहायचं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये छातीच्या रोग्यांकडून व्यायाम करून घेतात, हे डॉक्टरांकडून कळलं आणि मी त्याच आठवड्यात जाऊन उभी राहिले. दहा-बाराजण होते, बहुतेक म्हातारे. शिकवणाऱ्या बाई इस्पितळातल्या, कानडी. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्या एकेकाच्या मागे उभ्या राहून बरगड्यांवर हात ठेवत. माझ्या बरगड्या दाबून त्या म्हणाल्या, "बिडी, बिडी!"

मी गर्रकन वळले. कानडीचा मला गंध नव्हता. "मैं बिडी नहीं पीती! हमारे घर में आज तक किसी ने बिडी को हाथ नहीं लगाया!"

हॉलभर हसू आणि खोकला एकदमच उसळला. दोघांना तर हसता हसता खाली बसावं लागलं. शेजारी एक निवृत्त रेल्वे गार्ड होते, पिढ्यान् पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी घरातले. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो.

"पोरी, बिडी म्हणजे सोडा," ते डोळे पुसत म्हणाले. "उसिरु बिडी. श्वास सोडा म्हणतात अक्का. तू नुसती घेतेस, सोडतच नाहीस. स्वल्प सोड, थोडाथोडा. सरी? ठीक?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्का मात्र हसल्या नव्हत्या. एवढं लांब वाक्य एका दमात बोललीस, म्हणजे हवा बाहेर जायला वाट आहे, असं त्यांनी अण्णांकरवी सांगितलं. दम्यात जुनी हवाच आत अडकून बसते, नवी मावणार कुठे? आजवर जो तो मला दम धर म्हणत आला होता. धरलेलाच तर सुटत नव्हता.

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी जाऊ लागले. शीळ घालताना करतात तसे ओठ करून हळूहळू हवा सोडायची. टेबलावरचा कापसाचा बोळा फुंकरीने पलीकडच्या टोकाला न्यायचा. दोन पावलं श्वास घ्यायचा, चार पावलं सोडायचा. अक्का ओठांचा आणि नखांचा रंग बघत फिरायच्या आणि जरा निळसर दिसला की बाकावर बसवायच्या. मी एकदा बसायला नकार दिला, तर त्यांनी अशी झापली की न कळणारी कानडीही कळली.

"परक्या पुरुषांसमोर छाती फुगवायची म्हणजे..." बाजूच्या क्वार्टरमधली शेजारीण म्हणाली.

"फुगवत नाही हो," मी म्हटलं, "रिकामी करते."

दिवाळी झाली, दीर आले. यजमानांनी स्वतःच माझी ट्रंक भरली. निघायच्या दिवशी सकाळीच मला धाप लागली.

"बघा वहिनी," दीर म्हणाले, "म्हणूनच आई म्हणते."

यजमान डॉक्टरांकडे धावायला निघाले. मी हातानेच थांबवलं. टेबलावर कोपरं टेकली, ओठ जुळवले आणि मोजत मोजत हवा सोडत राहिले. आतून फार भीती वाटत होती, पण ती त्या दोघांना दिसू द्यायची नव्हती. बऱ्याच वेळाने धाप आवाक्यात आली. छाती अजून वाजत होती. तशीच उठले, ट्रंक उघडली आणि एकेक साडी परत कपाटात ठेवायला लागले.

"भाऊजी, आईंना सांगा," मी म्हटलं. थांबले, श्वास सोडला. "माझी काळजी करतात, ते कळतं मला." पुन्हा थांबले. "पण मी येणार नाही."

दमा गेला नाही. मीही गेले नाही.