मोड आलेला क्लास

कर्वेनगरच्या आमच्या म्युझिक क्लासबाहेर चपलांचा ढीग पडलेला असतो आणि आत किश्श्यांचा. चपला निदान आपापल्या घरी जातात, किस्से तिथेच साठत राहतात. त्यातले थोडे आज तुमच्या गळ्यात!

*

सबनीस सरांनी एकदा ग्रुपवर मेसेज टाकला, ‘उद्या सगळ्यांनी एकेक मोड तयार करून आणा.’

दुसऱ्या दिवशी विजयाकाकू डबा घेऊन हजर. काकू कोर्टातून रिटायर झालेल्या. पेटीवर हात बसलेला, पण हे वेस्टर्न प्रकरण नवीन. डबा उघडला तर आत लांबच लांब मोड आलेली मटकी!

“अहो काकू, मोड म्हणजे सप्तक तेच, पण दुसऱ्या सुराला घर मानून वाजवायचं.”

“मग तसं लिहायचं ना! फडक्यात बांधून ठेवली होती मी.”

मटकी सगळ्यांनी खाल्ली. सरांना हवा होता तो मोड मात्र कोणीच आणला नव्हता.

*

मग सरांनीच वाजवून दाखवलं. कीबोर्डच्या त्याच पांढऱ्या पट्ट्या, आधी ‘सा’ला घर मानून, मग ‘रे’ला. सूर तेच, आणि मूड एकदम हळवा!

ओंकार ओरडला, “म्हणजे सर, टीम तीच, फक्त मॅनेजर बदलला!”

“हो. आणि सगळ्यांचे चेहरे उतरले,” सर म्हणाले.

हा ओंकार नागपूरचा, खराडीला आयटीत, क्लासमध्ये गिटारवर. त्याला काकूंच्या सायलीशी लग्न करायचंय. काकूंनी क्लास लावला तोच मुळी त्याला पारखायला. हे सगळ्या क्लासला माहीत आहे, काकूंना मात्र ते गुपित वाटतं.

*

कॉर्डच्या दिवशी तर मी खुर्चीतून उठलोच!

“एक सूर घ्या, पुढचा सोडा, असे तीन सूर एकदम दाबा,” सर म्हणाले. रे, म, ध. झाली ‘रे’ची मायनर कॉर्ड. “आता म तीव्र करा.” केला, आणि तीच कॉर्ड मेजर! एक पट्टी सरकली आणि सगळं उजळलं. कॉर्ड पाठ करायच्या नसतात, त्या सप्तकातूनच निघतात, हे मला पहिल्यांदा कळलं. इतका आनंद झाला म्हणून सांगू!

“काकू, कळलं?” सरांनी विचारलं.

“तीव्र म आला, म्हणजे यमन म्हणा की सरळ. एवढं कशाला फिरवताय?”

*

सोसायटीच्या वर्धापनदिनाला काकू यमन गाणार आणि साथीला ओंकारची गिटार, असं ठरलं. सायलीने त्याला बजावलं, “आई यावरूनच ठरवणारे, बघ हं.”

तालमीत काकूंनी तीव्र मध्यम लावला आणि नेमकी तेव्हाच ओंकारने सवयीने ‘रे’ची मायनर हाणली. त्यातला शुद्ध मध्यम काकूंच्या तीव्र मध्यमावर जाऊन आदळला. काकू गायच्या थांबल्या.

“सायली, मुलगा अजून मायनर आहे. लग्नाचं वय नाही.”

“सॉरी न काकू...” ओंकारचं तोंड एवढंसं झालं.

*

कार्यक्रमाच्या दिवशी ओंकार घामाघूम. काकू गात गात त्याच जागी आल्या आणि तीव्र मध्यमावर ठाण मांडून बसल्या. मुद्दाम! आम्ही सगळे श्वास रोखून. ओंकारने डोळे मिटले आणि कॉर्ड छेडली. रे, तीव्र म, ध! अंगावर काटा आला हो!

टाळ्या थांबायच्या आत सायली स्टेजपाशी पोचली. “आई, मग?”

काकूंनी पदराने चष्मा पुसला.

“झाला मेजर. त्याच्या आईचा नंबर दे.”