तोंडात धरलेलं पाणी

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हा मी महाडच्या एका लहानशा दवाखान्यात नर्स होते. तोंडाने फटकळ म्हणून माझी ख्याती होती, आणि ती खोटी नव्हती. ऑपरेशननंतर आठव्या दिवशी टाके काढायचे आणि त्याच सकाळी डोली बोलवायची, असा आमचा रिवाज. डोंगरावरच्या धनगरवाड्यांना रस्ता कुठला? चार गडी दिवस मोडून खाली यायचे आणि रोग्याला खांद्यावरून वर न्यायचे.

त्या सकाळी अपेंडिक्सची एक धनगरीण घरी जायची होती. डॉक्टर पोलादपूरला गेले होते. "टाके सुटले म्हणजे रोगी सुटला असं नाही. ताप असेल तर सोडू नका," असं मला बजावून गेले होते. टाके काढले, तर एका टोकाला जरा लाली होती. तोंडात थर्मामीटर ठेवला. ताप नव्हता. डोलीवाले दारात खोळंबले होते. मी तिला सोडली.

खाट आवरताना शेजारची म्हातारी रोगी हळूच म्हणाली, "बाय, तिला ताप हाय. तू थर्मामीटर आणाया गेलीस तवा गार पाणी तोंडात धरून बसली व्हती."

हातातली चादर टाकली, थर्मामीटर उचलला. तशीच अनवाणी धावत सुटले. गांधारी नदीच्या काठाला डोली टेकलेली दिसली. आत ती अंगाचं मुटकुळं करून पडली होती. या वेळी थर्मामीटर काखेत ठेवला. एकशे दोन.

"मरायचंय का गो तुला?" मी ओरडले.

"लेक रोज कड्यावर बसून वाट बघते, बाय," ती म्हणाली. "आमच्यात डोली रिकामी वर आली म्हंजे मानूस गेलं. पोरीनं काय समजायचं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. "डोली वर जाणारच नाही," मी डोलीवाल्यांना म्हटलं. "हिला परत न्या, डोली दवाखान्यात ठेवा आणि मोकळ्या हातांनी घरी जा."

संध्याकाळी डॉक्टरांनी जखम उघडली. वाटीभर पू निघाला. पेनिसिलिन चालू होतं, तरी पाच दिवस ताप हटेना. व्हरांड्यात उभ्या केलेल्या त्या डोलीकडे मला बघवत नव्हतं. सहाव्या दिवशी ताप उतरला. तरी डॉक्टरांनी तिला आणखी दोन आठवडे ठेवून घेतलं, आणि महिन्याने पुन्हा दाखवायला ये म्हणून दम भरला.

ती आली, पायी, लेकीला घेऊन. जखम कोरडी होती. पोर आईचा पदर सोडायला तयार नव्हती.

"गडी मोकळे आले तवा हिला वाटलं, मला डोलीसकट जाळली," ती म्हणाली. "मी घरी जाईस्तवर कुनाचं खरं मानलं नाय हिनं."

तिने मला फसवलं, असंच मी सगळ्यांना सांगत आले. पण थर्मामीटर ठेवताना तिच्या हनुवटीवरून ओघळणारं पाणी मी पाहिलं होतं. डोलीवाले खोळंबले होते, आणि मला ती खाट रिकामी हवी होती.