लाल दोऱ्याला सूट

दीपमाला गणवीर यांचे माहेर भंडाऱ्याकडचे, सासर रायपूरच्या तात्यापाऱ्यातले. नवरा तुळशीराम उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला होता. तिथल्याच अपघातात तो गेला. पुढे त्या एका खासगी शाळेच्या फाटकावर पहाऱ्याला उभ्या राहू लागल्या. पगार बेताचा, पण कर्मचाऱ्याच्या घरातले एक मूल तिथे विनाशुल्क शिके. नात देवश्री अशीच सहावीपर्यंत पोहोचली होती. आजीची नोकरी गेली की देवश्रीची शाळा सुटणार, हे घरात कुणाला वेगळे सांगावे लागत नसे.

मागच्या वर्षी शाळेने नियम केला की आवारात कोणाच्याही अंगावर धर्मचिन्ह दिसणार नाही. राज्याचा असा कायदा नव्हता. नियम शाळेचाच होता. पुण्याहून आलेल्या प्राचार्या अपर्णा मॅडमनी सरस्वतीवंदना आटोपल्यावर तो वाचून दाखवला आणि अंमलबजावणी फाटकावर सोपवली.

दीपमालाताईंना हा नियम पटला होता. याची नोंद आवश्यक आहे, कारण पुढे त्या दुसऱ्याच कोणाच्या सांगण्यावरून वागल्या, असे म्हटले गेले. शाळा-कचेरीत सगळे सारखे, हे त्या बुद्धविहारात लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. तुळशीरामच्या त्या वर्षीच्या पुण्यानुमोदनाला परित्राणपाठ, म्हणजे रक्षणासाठीचा सूत्रपाठ, झाला, तेव्हा भंतेजींनी त्यांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला होता. नियम वाचला गेला त्याच संध्याकाळी त्यांनी तो कापला.

"आपणच नाही पाळला, त पोरायले कोण्या तोंडानं सांगू?" त्या म्हणतात.

नववीतली शगुफ्ता रोज फाटकावर स्कार्फ काढून दप्तरात कोंबायची आणि रडायची. एकदा दीपमालाताई तिला म्हणाल्या, "रडतेस काहून, माय? मीबी माहा दोरा काढला ना."

"आपका तो किसी को दिखता भी नहीं था, दीदी," शगुफ्ता म्हणाली.

नवरात्र संपल्यावर सदर बाजारातल्या एका सराफाचा मुलगा भार्गव मनगटावर कलावा, म्हणजे पूजेचा जाड लाल दोरा, बांधून आला. गाठ सुटेना. दीपमालाताईंनी शिपायाच्या टेबलावरची कात्री आणली. "हात दे रे. नियम सगळ्यायले."

भार्गवने हसत हात पुढे केला, असे त्या सांगतात. हात ओढला, असे त्याचे वडील सांगतात. फाटकावर कॅमेरा आहे. हे लिहिण्यासाठी मी शाळेकडे चित्रीकरण मागितले तेव्हा ते शिल्लक नसल्याचे उत्तर मिळाले. कोणाचे खरे, हे मला ठरवता आलेले नाही. कलावा कापला गेला, एवढ्यावर मात्र दुमत नाही.

दुपारी सराफ चार माणसे घेऊन आले. "किसके कहने पर काटा? मस्जिदवालों ने भेजा है क्या?"

"नाही भैया. मॅडमचा नियम हाय."

अपर्णा मॅडमनी दीपमालाताईंना आत बोलावले. "अहो दीपमालाताई, कलावा कशाला कापलात?"

"धर्माची खूण हाय ना, मॅडम."

"तो धर्म नाही हो, आपली राष्ट्रीय संस्कृती आहे. एवढेही कळू नये?"

"मंग माहा दोरा काय होता?"

"तो तुम्ही स्वतःहून काढलात. आम्ही सांगितले होते का?"

तोडगा मॅडमनीच काढला. उद्या सकाळी सगळ्या शाळेसमोर दीपमालाताईंनी माफी मागायची आणि भार्गवच्या हाताला नवा कलावा बांधायचा. नाहीतर परवापासून त्यांनी येऊ नये, आणि देवश्रीनेही.

त्यांनी बांधला. गाठ दोनदा सुटली, मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "कसके बाँधो, दीदी!" सगळे हसले. सहावीच्या रांगेत देवश्री उभी होती.

घरी तिने विचारले, "आजी, विहार में तो ये सब मना करते हैं ना?"

"हव," त्या म्हणाल्या आणि भात लावायला उठल्या.

त्याच आठवड्यात शगुफ्ताची आई शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आली. फाटकावर थांबून तिने विचारले, "उसका अपने हाथ से बाँध दिया, मेरी बच्ची का रोज़ उतरवाती रहीं. क्यों?"

दीपमालाताईंनी फाटक उघडून दिले.

त्या अजून तिथेच काम करतात. देवश्री सातवीत गेली. ती हल्ली मागच्या फाटकाने आत जाते.