दारउघड्यांची झाम्बेता

झाम्बेताच्या घराण्याला आमच्या गावात 'दारउघडे' म्हणतात. खरं आडनाव पोस्टमनशिवाय कुणाला आठवत नाही. कैक पिढ्यांपूर्वी वरच्या किल्ल्याला तुर्कांचा वेढा पडला तेव्हा अकरा दिवसांनी पहारेकऱ्याच्या बायकोनं आतून दार उघडलं, आणि झाम्बेता तिच्या वंशातली. आणखी दहा दिवस कळ काढली असती तर व्हेनिसची गलबतं मदतीला आली असती, असं गावातलं शेंबडं पोरही ठणकावून सांगतं. जसं काही गलबतांचं पत्र त्याच्याच घरी आलं होतं.

किल्ल्यात आता राहिलंय काय? समुद्राकडची अर्धी भिंत, एवढंसं चर्च, कोरडं टाकं आणि गावानं बसवलेलं लोखंडी गजांचं दार. पण जुलैतल्या सणाला सगळं गाव वर चढतं. प्रार्थना झाली की वेढ्याची आठवण म्हणून दाराला आतून कडी घालायची आणि सूर्य समुद्रात बुडेपर्यंत ती काढायची नाही, असा रिवाज. दारउघड्यांनी मात्र त्या दिवशी बाहेरच थांबायचं. पापाची फेड म्हणून त्यांनी गाढवावरून पाणी आणायचं आणि भिंतीवरून सोडलेल्या दोराला बांधून आत पोचवायचं. बदल्यात प्रसादाचा पाव त्यांना भट्टीच्या लांब लाकडी फावड्यावरून, गजांमधून मिळायचा. झाम्बेतानं तो साठ वर्षं तसाच खाल्ला.

बाई कामाला पक्की. नवरा समुद्रानं नेला तेव्हापासून गावातली पाण्याची टाकी खरवडून त्यांना चुना लावायचं काम तिचंच. तिशीत असताना तिची शेळी किल्ल्यातल्या टाक्यात पडली, म्हणून ती दोर बांधून खाली उतरली. शेळी मेली होती. पण तळाशी तिनं जे पाहिलं ते चुन्यात हात घातलेल्या माणसालाच कळावं. भिंतीला पंजा जाईल एवढी भेग होती, आतून चिखल आणि चिंध्या कोंबून बुजवलेली. खालच्या गिलाव्यावर ओरखडेच ओरखडे होते. कुणीतरी नखांनी ओल खरवडून घेतली होती. म्हणजे दार उघडायच्या आधीच किल्ल्यातलं पाणी संपलं होतं. झाम्बेता वर आली ती रडत. गावाला सांगितलं, तर गाव म्हणालं, "दारउघडी आता वकिली करायला लागली."

यंदा सरपंच लिनार्दोसनं दारापाशी संगमरवरी पाटी बसवायचं काढलं. मजकूर ठरला: 'एका स्त्रीच्या फितुरीने पडलेला किल्ला.' झाम्बेता तडक त्याच्या घरी गेली.

"लिनार्दोस, पाण्याचंही लिही."

"अहो काकू, दगडावर जागा किती असते?"

"फितुरीला बरी सापडली."

"इतिहास आहे तो. बाईला आणखी दहा दिवस कळ निघाली नाही."

"माझी नात यंदा वाचायला शिकलीय. जन्मभर ही पाटी वाचत जायचं का तिनं? आणि तुला एक दिवस तरी निघेल का रे कळ?"

"दर वर्षी काढतोच की आम्ही," तो हसत म्हणाला.

"माझ्या पाण्यावर," झाम्बेता म्हणाली आणि निघून आली.

सणाच्या दिवशी सकाळी दहाला कडी पडली. भिंतीवरून दोर खाली आला. झाम्बेतानं त्याला काहीच बांधलं नाही. दारापासून वीस पावलांवर, अंजिराखाली तिनं पाण्याचे कॅन उतरवले आणि विणकाम काढून बसली.

"काकू, पाणी कुठंय?" लिनार्दोसनं गजांतून विचारलं.

"हे काय, भरलेलं आहे. दार उघडा नि घेऊन जा."

आधी सगळे हसले. मग शिव्या घातल्या. पाद्रीबाबांनी गोड बोलून पाहिलं. खारं चीज आणि भाजलेलं मटण चापून बसलेलं गाव ते; दुपारपर्यंत सगळ्यांच्या जिभा टाळ्याला चिकटल्या. तरी कडीला हात लावायची कुणाची छाती होईना. जो लावील तो दारउघडा, हे सगळ्यांना पाठ होतं. झाम्बेताचे टाके चुकत होते. पण ती उठली नाही.

लिनार्दोसची दोन वर्षांची नात आधी घसा बसेपर्यंत रडली, आणि चारच्या सुमारास रडायचीही थांबली. तेव्हा त्यानं कडी काढली. त्याला कुणी अडवलं नाही. पोरीला घेऊन तो अंजिराखाली धावला. झाम्बेतानं पेला भरूनच ठेवला होता. पोर प्यायली, हुंदका देऊन पुन्हा प्यायली.

"काकू, पोर गेली असती माझी," लिनार्दोस म्हणाला.

"सहा तास झाले फक्त. त्या बाईनं अकरा दिवस काढले होते, असं तुम्हीच सांगता. उघडलं तिनं दार, आणि बरं केलं. त्या दारातून जी माणसं जिवंत बाहेर पडली, त्यांचेच वंशज तुम्ही सगळे. आता पाटीवर काय लिहायचं ते लिही."

झाम्बेतानं विणकाम पिशवीत टाकलं आणि सत्तरीच्या गुडघ्यांनी उंबरठा ओलांडला. चर्चमधल्या टोपलीतला पाव तिनं स्वतःच्या हातानं उचलला. मग भिंतीच्या सावलीत बसलेल्या बायकांपाशी येऊन म्हणाली, "जरा सरका."

बायका सरकल्या.