पिळून काढलेला थेंब

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती गेली तेव्हा वाटलं, आता सांगायला कोणी उरलं नाही, सुटलो. असा मी माणूस.

दासगावच्या धक्क्याला मुंबईची बोट लागायची, त्या काळी मी महाडच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. मोठ्या ऐटीत असायचो. रक्त देणाऱ्याची तपासणी माझ्याकडे — बोटाला सुई टोचायची, थेंब टिपकागदावर घ्यायचा, सुकू लागला की छापील लाल पट्ट्यांशी रंग ताडायचा. फिका निघाला, तर त्याचं रक्त घ्यायचं नाही. एवढंच काम. तेवढंही का जमू नये?

उमरठच्या धोंडूने बहिणीला डोलीतून आणलं. गंगू — बाळंतपणात फार रक्त गेलेलं. डॉक्टरांनी दोघांचं रक्त जुळवून पाहिलं, जुळलं. राहिला माझा कागद. पौषातली सकाळ. इतकी वाट तुडवून आलेल्या त्या माणसाला मी रात्रभर उघड्यावर राहिलेल्या गार पाण्याने कोपरापर्यंत हात धुवायला लावले — खेडवळ म्हणून, दुसरं काय? बोटं गारठली. सुई टोचली तरी रक्त येईना. हात चोळून ऊब आणायची, पुन्हा टोचायचं, असं मला शिकवलं होतं. मी बोट पिळलं. पिळलं की रक्तात अंगातलं पाणी मिसळतं — हेही ठाऊक होतं. कागदावर गुलाबी डाग पडला. "फिकं आहे," मी सांगितलं. डॉक्टरांचा माझ्यावर विश्वास होता.

"माजं रगात कामाचं नाय का हो?" धोंडूने विचारलं. मी सुई पुसून ठेवली.

तो ओसरीवर उन्हात बसला. थोड्या वेळाने मी बाहेर आलो, तर — हात शेकल्यावर बोट आपोआप वाहू लागलेलं, आणि ते त्याने मुंडाशाला पुसलेलं. डाग चांगला गडद लाल होता. गंगू अजून श्वास घेत होती. डॉक्टर चार पावलांवर. चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. सगळ्यांदेखत म्हणायची लाज वाटली — आणि मी बाटल्या विसळायला गेलो.

दुपारी गंगू गेली.

पुढे धोंडू बाजाराला आला की भेटायचा, मला हात जोडायचा. "माज्या रगताचं पानी झालेलं, म्हून भैन गेली," असं सगळ्यांना सांगायचा. माझ्यासमोरही. मी मान डोलवायचो. मरेपर्यंत तो तेच सांगत होता, आणि मी मान डोलवत होतो.