चार तुकड्यांची तुळई

पद : वरिष्ठ संरचना विश्लेषक. सेवा : एकोणीस वर्षे. स्वभाव : तापट. सहकार्यवृत्ती : असमाधानकारक. शेरा : सदर कर्मचारी संगणकाच्या उत्तरावर संशय घेतात, सबब सुधारणेस भरपूर वाव आहे.

विभागप्रमुखांनी हा शेरा लिहिला, त्याच्या आदल्याच आठवड्यात बाईंचं डोकं फिरलं होतं. निमित्त झालं शाळेच्या सभागृहातल्या गॅलरीचं. भिंतीतून बाहेर काढलेल्या तीन-तीन मीटरच्या सडपातळ पोलादी तुळया, आणि वर दोनशे मुलं बसणार. टोक पंधरा मिलीमीटरपर्यंत वाकलं तर चालतं. संगणक म्हणाला, तीन. बाईंनी पाठकोऱ्या कागदावर हाताने गणित केलं. सत्तावीस.

कागद घेऊन त्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या, दार न वाजवता.

"संगणकात गणितासाठी तुळईचे तुकडे किती पाडलेत, साहेब?"

"चार. परिपत्रकातच आहे. वेळ वाचतो."

"मग ऐका. आठ पाडले की नऊ मिलीमीटर. सोळा पाडले की अठरा. बत्तीस, चोवीस! तुळई तीच, भार तोच, आणि उत्तर पळत सुटलंय!"

"तुमचं आपलं काहीतरी असतंच हं, मॅडम."

"माझं नाही, या तुकड्याचं आहे. त्याला बाक घेताच येत नाही, सरळच राहतो मेला. बारीक तुळईला त्यामुळे खोटा ताठा चढतो. लॉकिंग म्हणतात याला."

"एवढं मोठं सॉफ्टवेअर चूक आणि तुमचा पाठकोरा कागद बरोबर?"

"सॉफ्टवेअरने विचारलं तेवढं सांगितलं. चुकलंय परिपत्रक. कुणी काढलं ते?"

खाली सही साहेबांचीच होती. साहेब चष्मा पुसू लागले.

घरी नवरा म्हणाला, "कर की अहवालावर सही. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"पोरं दुसऱ्यांची आहेत ना, म्हणून सुचतंय तुला!" ताट सारून बाई उठल्या.

सही त्यांनी केली नाहीच. अहवालावर लाल शाईने 'हे उत्तर खोटे आहे' असं लिहिलं आणि आधी भार ठेवून चाचणी घ्यावी, अशी मागणी टाचली. साहेबांनी त्यांची रवानगी जुन्या फायलींच्या खोलीत केली आणि शेजारच्या टेबलवाल्याची सही घेतली. त्या गड्याने सवयीप्रमाणे न वाचताच सही ठोकली. मागणीचा कागद काढायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही, आणि तो फायलीबरोबर कंत्राटदाराकडे पोचला.

मुलांच्या आधी गॅलरीत वाळूच्या गोण्या चढल्या. टोक अठ्ठावीस मिलीमीटर खाली गेलं.